कात्रीने बेतलेले उपदेश

जवळपास चोवीस वर्षं आमच्या चर्चमधला रविवारचा उपदेश चौदा मिनिटांत संपायचा. गावातल्या बाकीच्या चर्चमध्ये लोक उपदेशाच्या वेळी डुलक्या काढत, नखं बघत, समोरच्याच्या मानेवरचे तीळ मोजत. आमच्याकडे कोणी डुलकी काढायला बसलंच, तर त्याचा डोळा लागेपर्यंत आशीर्वचन होऊन जाई. बाहेरचे पाहुणे आले की पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन म्हणत, किती नेमकं बोलता हो तुम्ही. पाळकसाहेब मान खाली घालून हसत. मी कोपऱ्यात गीतांच्या वह्या आवरत मनात म्हणे, या लोकांना काय माहीत, कात्री कोणाच्या हातात आहे ते.

मी त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. आधी शाळेत शिकवत होते, म्हणून सगळे मला बाईच म्हणतात. ऑर्गन अशा जागी बसवलाय की वाजवणाऱ्याची पाठ उपदेशकाकडे होते. म्हणून माझ्यासमोर एक लहान आरसा लावलाय, बसच्या ड्रायव्हरसमोर असतो तसा. उपदेश कधी संपतोय आणि पुढचं गीत कधी उचलायचं, ते त्यात बघून कळतं. म्हणजे पाळकसाहेबांना मी इतकी वर्षं आरशातच पाहिलं. रोज समोरून बघणाऱ्याला दिसत नाही ते आरशात दिसतं, आणि माझा स्वभाव असा की दिसलेलं माझ्या पोटात राहत नाही. एकच गोष्ट राहिली. तीच सांगते आहे.

पाळक होण्याआधी हे गृहस्थ एका वकिलाकडे कारकून होते. घरांचे, जमिनींचे, वाटण्यांचे दस्त लिहायचे. त्या धंद्यात एक गोष्ट तीनदा लिहिली की ती पक्की होते. पुढे देवाने त्यांना बोलावलं आणि ते आले, पण कचेरीची भाषा बरोबर घेऊन आले. आमच्याकडचा त्यांचा पहिला उपदेश हरवलेल्या मेंढरावर होता. "सदर मेंढपाळाने सदर मेंढराचा, म्हणजेच वर उल्लेखिलेल्या शंभरांपैकी जे एक गहाळ झाले त्याचा, सर्व बाजूंनी शोध घेतला," असं त्यांनी म्हटलेलं मला अजून आठवतं. नमनालाच घडाभर तेल गेलं. पन्नास मिनिटांनी मेंढरू सापडलं तेव्हा ते कोणाचं होतं हेही कोणाच्या ध्यानात नव्हतं. आमच्या पंचांतले मुख्य म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक. ते पायऱ्यांवर येऊन म्हणाले की हरवलं ते मेंढरू नशीबवान, निदान सुटलं तरी.

हे बोलणं पाळकीणबाईंनी ऐकलं.

पाळकीणबाई शिवणकाम करायच्या. चर्चच्या मागच्या घरात स्वयंपाकघरातलं लांब टेबल हेच त्यांचं दुकान. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला भांडी, मध्ये कापड. पुढच्या शनिवारी मी माझा राखाडी कोट शिवायला टाकायला गेले, तर पाळकसाहेब भांड्यांच्या टोकाला बसून उद्याचा उपदेश मोठ्याने वाचत होते. बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. माझं माप घेता घेता त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी टाचण्या काढल्या आणि विचारलं, "अहो, हे कोणाला सांगताय?"

"मंडळीला."

"मंडळी म्हणजे कोण? एक माणूस सांगा."

पाळकसाहेबांनी विचार केला. मग म्हणाले की तसं कोणा एकाला नाही, सर्वसाधारणपणे. बाईंनी त्यांच्या हातातून कागद घेतला, कापडाची मोठी कात्री उचलली आणि तो परिच्छेद आडवा कापून काढला. मला वाटलं आता भांडण होणार. पाळकसाहेब नुसते बघत राहिले. बाईंनी उरलेले दोन तुकडे एकावर एक ठेवून वरून धावदोरा घातला, तो दाताने तोडला आणि कागद परत दिला. "कापड भारी आहे म्हणून बाही लांब ठेवायची नसते," त्या म्हणाल्या. "हात केवढा आहे ते बघायचं."

कापून काढलेला कपटा त्यांनी उलटा केला. पाळकसाहेब कागदाच्या एकाच बाजूला लिहीत, ही कचेरीची सवय. मागच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी माझं माप लिहिलं, खांदा, बाही, उंची, आणि तो कपटा टाचणीने माझ्या कापडाला लावून टाकला. कोट शिवून झाल्यावर तो बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात गेला. गिऱ्हाईक पुन्हा आलं की माप पुन्हा घ्यायला नको, एवढाच त्याचा उपयोग.

पुढे दर शनिवारी हेच चाललं. कधी अर्धं पान जाई, कधी तीन पानं. एकदा मी तिथे असताना पाळकसाहेबांनी दीपस्तंभाचं वर्णन वाचलं, चार दिवस खपून लिहिलेलं. त्यात लाटा होत्या, धुकं होतं, दिवा पुसणारा म्हातारा होता. बाई म्हणाल्या फार सुंदर आहे, आणि कापलं. त्या दिवशी पाळकसाहेबांनी चहा घेतला नाही. फुगून बसले. पण रविवारी ते जे उरलं होतं तेच बोलले, एक शब्द जास्त नाही. विषय क्षमेचा होता. शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, की ज्याचं घर लागू नये म्हणून तुम्ही रोज लांबून जाता, आज घरी जाताना त्या रस्त्याने जा. आमच्याकडे एक नळवाला येतो. सख्ख्या बहिणीशी त्याने अकरा वर्षं अबोला धरला होता. तो त्या दुपारी तिच्या दारात जाऊन उभा राहिला. काय बोलावं सुचेना म्हणून म्हणाला, तुझा नळ गळतोय का. आजतागायत त्या घरातला नळ तोच बघतो.

दीपस्तंभ राहिला असता तर तो त्या रस्त्याने गेला असता का, हे मला माहीत नाही. मला वाटतं तो घरी जाऊन झोपला असता.

पाळकीणबाई तीन आठवडे दवाखान्यात होत्या आणि मग गेल्या. दुसऱ्या गावच्या पाळकांनी येऊन त्यांना माती दिली. आमचे पाळकसाहेब खड्ड्याच्या काठाशी उभे होते, आणि लोक सांत्वनाला आले की त्यांचा हात धरून ठेवत होते. ओल्या हाताला कागद चिकटतो तसे लोक त्या हाताला चिकटून राहत, मग हळूच सोडवून घेत. मूलबाळ नव्हतं. बाईंच्या बहिणी चार दिवस राहिल्या आणि गेल्या.

महिन्याने ते पुन्हा उपदेशाला उभे राहिले. पंचवीस मिनिटं बोलले. कोणी काही म्हटलं नाही, दुःख आहे, चालायचंच. मग पस्तीस झाली. मग पन्नास. आणि नुसतं लांबलं असतं तरी चाललं असतं, पण कशाचा कशाला मेळ लागेना. उंटावरून सुरू होई, मिठाच्या खाणीत शिरे, मध्येच त्यांच्या आजोबांची छत्री येई, तिथून प्रकाश म्हणजे काय. एका रविवारी दीपस्तंभ आला. मी आरशात बघतच राहिले. लाटा, धुकं, दिवा पुसणारा म्हातारा. शब्द न् शब्द तोच.

उपासना संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. "बाई, तिने एकही कपटा फेकला नव्हता," ते म्हणाले. "डबाभर आहेत. चोवीस वर्षं जपून ठेवलेत तिने."

मला सगळं माहीत होतं. तो डबा कशासाठी होता ते त्या घरात माप दिलेल्या कोणालाही कळलं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, हो का. माझ्या आयुष्यात मी इतकं थोडक्यात कधी बोलले नव्हते.

मग मला कळलं की ते आठवडाभर काय करतात. दर शुक्रवारी गीतांची यादी द्यायला मी त्या घरी जाते. मशीनवर चादर घातलेली असे. रेडिओ चालू असे आणि ऐकायला कोणी नसे. एक ताट, एक पेला, दोन्ही धुऊन उपडे. आणि टेबलावर ते कपटे पसरलेले. दहाबारा निवडायचे, कोऱ्या कागदावर गोंदाने चिकटवायचे, मध्ये आपल्या हाताने "तसेच" आणि "त्याचप्रमाणे" लिहायचं, झाला उपदेश. बाईंनी जे जे नको म्हणून कापलं होतं, तेच नेमकं ते आम्हाला वाढत होते. यादी घेऊन झाली की ते मला दारात उभं करून बोलत. पाण्याच्या टाकीबद्दल, शेजारच्या कुत्र्याबद्दल, कशाबद्दलही. मी पाय बदलत राही. मला घरी काही काम नसे, तरी मी घाई असल्याचं दाखवत असे. माणसाला दुसऱ्याच्या एकटेपणाची भीती का वाटते कोण जाणे. लागण होते असं वाटत असेल.

चर्चमधले बाक रिकामे व्हायला लागले. नळवाला यायचा थांबला. जे येत ते मागे दाराजवळ बसत. शेवटी औषधवाले माझ्याकडे आले आणि म्हणाले की बाई, आता पुरे झालं हे गुऱ्हाळ. पंचांनी ठरवलं होतं की महिनाअखेरपर्यंत उपदेश मापात आला नाही, तर पाळकसाहेबांना मुदतीआधी निवृत्त करायचं आणि नवा पाळक आणायचा. नवा पाळक आला की मागचं घर त्याला द्यावं लागणार. म्हणजे ते टेबल, ती खिडकी, मशीनची जागा, सगळं जाणार. औषधवाले वाईट माणूस नाहीत. त्यांनी चार महिने वाट पाहिली होती. तुम्ही त्यांना सांगा, ते तुमचं ऐकतील, असं म्हणाले. मी म्हटलं तुम्ही पत्र द्या. त्यांनी पत्र दिलं. पाळकसाहेबांनी ते वाचलं, मला म्हणाले "वाचलं", आणि पुढच्या रविवारी पंचावन्न मिनिटं बोलले.

महिना संपायला एक रविवार उरला असताना एक मयत झाली. लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करणारी एक बाई आमच्या मंडळीत आहे. तिला एकुलता एक मुलगा. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. कमी बोलणारा, खांद्याला हत्यारांची पिशवी लावूनच चर्चला यायचा, कारण रविवारीही त्याला कुठूनतरी बोलावणं येई. नऊ दिवस तापाने फणफणला आणि गेला. सव्वीस वर्षांचा होता.

बुधवारी त्याला माती दिली. पाळकसाहेबांनी चिकटवलेले कागद काढले आणि सुरुवात केली. मिठाची खाण. धान्याचं कोठार. प्रकाश म्हणजे काय. ऊन डोक्यावर आलं. लिफ्टच्या कामावरचे त्याचे सोबती एकेक करून घड्याळ बघत निघाले. आई उभी होती. अर्ध्या तासाने कोणीतरी तिच्यासाठी स्टूल आणलं, तिने नको म्हटलं. ती पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघत होती, शाळेत मागच्या बाकावरची मुलं फळ्याकडे बघतात तशी, आता तरी कळेल म्हणून. पन्नास मिनिटांनी आमेन झालं.

परतताना तिने माझी बाही धरली. "बाई, माझ्या मुलाबद्दल काय म्हणाले हो ते? मी नीट ऐकत होते. मला सापडलं नाही."

मी म्हटलं, चांगलं म्हणाले.

ते खोटं मला तीन दिवस पचलं नाही. शनिवारी दुपारी मी उठले आणि तडक मागच्या घरी गेले. रागात होते, आणि राग आला की मी मनात वाक्यं जुळवते. रस्ताभर जुळवत गेले. पाळकसाहेब टेबलाशी होते, गोंदाची बाटली उघडी, कपटे मांडलेले. त्यांनी बसा म्हटलं. मी बसले नाही. समोरचाच एक कपटा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पाळकसाहेब, हे बाईंनी तुमच्या ओळींसाठी ठेवलं नव्हतं," मी म्हटलं. "मागच्या कोऱ्या बाजूसाठी ठेवलं होतं. उलटून बघा."

त्यांनी उलटलं नाही. हात लावलाच नाही. म्हणाले, "खांदा साडेचौदा, बाही बावीस. तुमच्या राखाडी कोटाचं आहे ते."

मी कपटा उलटला. बाईंचं अक्षर होतं, पेन्सिलीचं. खांदा साडेचौदा, बाही बावीस. वरच्या कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," ते म्हणाले. "डबा उघडला तेव्हाच. मापं सगळी पाठ आहेत आता."

मग हे कशासाठी, असं मी विचारलं असावं. निदान तसं तोंड केलं असावं. ते गोंदाच्या बाटलीचं झाकण लावत होते, ते लागत नव्हतं.

"मी आशीर्वचन म्हटलं की तुम्ही सगळे घरी जाता," ते म्हणाले. "मग मलाही यावं लागतं इथे."

रस्ताभर जुळवलेली माझी वाक्यं कुठल्याकुठे गेली. मी खुर्ची ओढली आणि बसले. मला त्यांच्या घरातला दुपारचा आवाज ऐकू आला, म्हणजे कसलाच नाही, फक्त रेडिओवरचा एक माणूस हवामान सांगत होता. हाच आवाज माझ्याही घरात असतो. मी तो आठवड्याचे सातही दिवस ऐकते आणि कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या आईचं बोलणं मी त्यांच्या पाठीत घालायला आणलं होतं. ते आता तसं घालवेना. हळू आवाजात सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं, अगदी तिच्या शब्दांत. मग विचारलं, "मी मुलाबद्दल काहीच बोललो नाही?"

"एकदा बोललात. सुरुवातीला."

"काय?"

मला सांगायचं नव्हतं. पण मी तिथे खरं सांगायलाच गेले होते. "'सदर तरुण' म्हणालात," मी म्हटलं.

मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले नाहीत. मी कधी त्या घरातून इतक्या लवकर सुटले नव्हते, आणि मला त्याचं जराही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आरसा पुसून ठेवला. पाळकसाहेब उभे राहिले. हातात कागद नव्हता. औषधवाल्यांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं होतं, ते मला आरशात दिसत होतं. महिन्याचा शेवटचा रविवार होता.

"बुधवारी मी एका आईसमोर पन्नास मिनिटं बोललो," पाळकसाहेब म्हणाले. "तिच्या मुलाबद्दल एक वाक्य बोललो नाही. मी तिच्यासाठी बोलत नव्हतो. मला घरी जायचं जिवावर येतं, म्हणून बोलत होतो. गेले सहा महिने मी तुमच्याशीही तेच केलं. माझं चुकलं." ते थांबले. मला वाटलं आता दीपस्तंभ येणार. "तुमच्या ओळखीत कोणीतरी असेल ज्याला घरी जायचं जिवावर येत असेल. आज त्याचं दार वाजवा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी चालेल. देवाने आपल्याकडे माणूस पाठवला, लांबलचक पत्र नाही." आणि आमेन.

चार मिनिटंही झाली नव्हती. मला पुढचं गीत सापडेना. वही हातातून पडली.

बाहेर पायऱ्यांवर सगळे खूश होते. औषधवाले म्हणाले, याला म्हणतात उपदेश, थोडक्यात गोडी. त्यांनी पाळकसाहेबांच्या खांद्यावर थाप मारली आणि कानात सांगितलं की पत्राचं काही मनावर घेऊ नका, फाडून टाका. म्हणजे घर राहिलं. एक जण म्हणाला डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं, शब्द न् शब्द. इतकं स्वच्छ त्या चर्चमध्ये कोणी कधी बोललं नसेल. आणि साडेदहाला सगळे घरी गेले. पायऱ्यांवर आम्ही दोघंच उरलो, ते आणि मी, आणि मीही किल्ल्या पर्समध्ये टाकून निघालेच होते. मीसुद्धा शब्द न् शब्द ऐकला होता.

"बाई, तुम्हाला त्या आईचं घर माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

तीन वाजता मी त्यांना घेऊन गेले. लॉन्ड्रीच्या मागे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिना चढताना ते दोनदा थांबले. दम लागला होता की काय बोलावं हे जुळवत होते, कळलं नाही. आईने दार उघडलं. घरात बसायला दोनच खुर्च्या होत्या आणि एका खुर्चीवर मुलाची हत्यारांची पिशवी ठेवलेली होती. ती तिने हलवली नाही. पाळकसाहेब उभेच राहिले.

"मी बुधवारी तुम्हाला काहीच सांगितलं नाही," ते म्हणाले. "आता सांगतो. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा एक दिवस तिथली लिफ्ट बंद पडली. तुमचा मुलगा दुरुस्तीला आला होता. त्याने मला ओळखलं. काम झाल्यावर तो वर आला आणि खोलीबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. अर्धा तास. काही बोलला नाही. मग म्हणाला, लिफ्ट चालू झालीय, आणि गेला. त्या तीन आठवड्यांत पुष्कळ लोक येऊन बोलून गेले. नुसता बसला तो एकटाच."

आई त्यांच्याकडे बघत होती. "त्याने मला सांगितलं नाही कधी," ती म्हणाली.

मी वाट पाहत होते. आता ते प्रार्थना सुरू करतील, मग प्रकाश, मग कोठार. इतक्या वर्षांची खोड. पण त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि तेवढंच बोलून ते थांबले. मला ती शांतता सहन होईना, मी घसा खाकरला.

आईने खुर्चीवरची पिशवी उचलली, दोन्ही हातांनी, आणि खाली भिंतीशी ठेवली. "बसा," ती पाळकसाहेबांना म्हणाली. "बाकावर दिसत होता कसा, ते सांगा. खांद्याला पिशवी होती?"

"होती," ते म्हणाले, आणि बसले. दुसऱ्या खुर्चीवर ती बसली.

मी दाराशी होते. मी म्हटलं, मी निघते मग. दोघांपैकी कोणाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरले. खाली रस्त्यावर आले तेव्हा रविवारचे सव्वातीन वाजले होते. अख्खी दुपार आणि संध्याकाळ शिल्लक होती. माझ्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मला माहीत असलेल्या प्रत्येक दारापाशी मी जरा हळू चालले, आणि एकही वाजवलं नाही.